लॉर्नाच्या जीपवरचं गुलाबी झाकण

लॉर्ना बेकस्टेडच्या जीपच्या बॉनेटवर कमोडचं गुलाबी झाकण घट्ट बसवलेलं होतं. दोन वर्षं. गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. वाटायचं ते लॉर्नाला.

दर सप्टेंबरच्या एका शनिवारी गावातल्या जीपा लाल कातळावर चढायला जात. जो अडकेल आणि ज्याला पट्टा लावून ओढावं लागेल, त्याने ते झाकण मिरवायचं. बाजारात, बँकेत, रविवारी चर्चलाही. दुसरं कुणी ओढलं जाईपर्यंत. सलग तिसऱ्यांदा ओढलं गेलं, तर त्यावर नाव रंगवायचं. मग ते कायमचं आपलं.

"रंग आणून ठेवलाय," शेजारचा गार्थ जेपसन कुंपणावरून म्हणाला. दोन्ही वेळा तिला त्यानेच ओढलं होतं. "निळा चालेल ना गं?"

"तुझ्याच घराला लाव. पोपडे निघालेत."

लॉर्ना शाळेची बस चालवायची. तिच्या एका नजरेने पोरं गप्प होत. झाकण मात्र नजरेने पडत नव्हतं.

अडकण्याचं कारण तिला ठाऊक होतं. कातळावर मागचं एक चाक अधांतरी झालं की इंजिनाचा जोर त्याच चाकात वाया जाई. ते हवेत गरगर फिरे आणि जमिनीवरचं ढिम्म उभं राही. मागच्या आसात लॉकर नावाचा भाग बसवला की दोन्ही चाकं जोडीने फिरतात. तिने तो मागवला आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगार दिनाच्या सुट्टीत, गराज उघडलं.

जीप जॅकवर चढली. मागच्या आसाचं झाकण निघालं. काळं तेल केकच्या जुन्या भांड्यात उतरलं आणि गराजभर सडक्या अंड्यांचा वास सुटला. आतली जुनी चक्रं काढायला फार वेळ लागला नाही. नव्या लॉकरच्या इवल्या स्प्रिंगांनी मात्र जीव खाल्ला. एक तर टुणकन उडून कोपऱ्यातल्या फ्रीजरखाली गेली. लॉर्नाने पोटावर झोपून, चर्चमध्ये न चालणारे शब्द पुटपुटत ती काढली.

दुपारी सगळं बसलं. नवं तेल भरलं. मागचं एक चाक खाली टेकलं होतं, दुसरं अजून जॅकवर होतं. लॉर्ना आत बसली आणि तिने पहिला गिअर टाकला.

ही तिची जुनी सवय. कुठं काही वाजलं की ते चाक उचलायचं, गिअर टाकायचा आणि कान द्यायचा. चाक हवेत फिरे, जीप जागची हलत नसे.

आता दोन्ही चाकं फिरली. त्यासाठीच तर दिवसभर खपली होती.

जीप जॅकवरून उतरली, गराजमधून बाहेर पडली, हिरवळीच्या उतारावरून गेली आणि पाटात तोंड खुपसून बंद पडली. मागचं एक चाक अधांतरी. फ्रीजरला ओरखडासुद्धा नाही.

गार्थला हे सगळं कुंपणावरून दिसलं होतं. तो तडक ट्रक घेऊन लसूणघासाच्या शेतातून आला. हातात पट्टा.

"हात लावू नकोस!" लॉर्ना ओरडली.

"अगं, मदत करतोय."

"आज शनिवार नाही."

"पट्टा लागला की लागला. वार कुठलाही असो. नियम म्हणजे नियम."

तो हूक घेऊन वाकला. लॉर्नाने इंजिन चालू केलं आणि रिव्हर्स गिअर टाकला. अधांतरी चाक फिरलं, त्याच्याबरोबर जमिनीवरचंही फिरलं. खालच्या चाकाने गवत धरलं. जीप गचके देत पाटातून वर आली आणि उभी राहिली.

लॉर्ना स्टिअरिंगवर थाप मारून हसायला लागली.

"पाट म्हणजे काही कातळ नव्हे," गार्थ म्हणाला आणि ट्रककडे वळला.

शेताला सकाळीच पाणी दिलं होतं. ट्रकची मागची चाकं फिरत राहिली आणि खाली जात राहिली. चिखल पार त्याच्या टोपीपर्यंत उडाला. शेवटी त्याने काच खाली केली.

"लॉर्ना. आपल्याला कुणी बघत नाहीये."

"मी बघतेय की."

"पट्टा लाव, बाई."

"लावते." ती गराजकडे चालू लागली. "आधी पाना आणते. झाकणाचे नट गंजलेत, सुटायला वेळ लागेल. तू बस निवांत."