प्लगचा रंग

गल्लीत त्यांना सगळे सावकाश काका म्हणत. आयुष्यभर त्यांनी शहराची बस चालवली, आणि ती अशी की उभ्या प्रवाशाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळू नये. मागून कुणी कितीही भोंगे वाजवोत, काका आपले आरशात बघून हात हलवत. "अहो, जरा दाबा की," असं एखादा घाईतला माणूस म्हणाला तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "पोचायचंय ना? मग बसा." अशा माणसाने निवृत्त झाल्यावर शर्यतीची गाडी बांधायला घेतली. गल्लीने तोंडात बोटं घातली, आणि बरेच दिवस तिला दुसरा विषय सुचला नाही.

पण ही गोष्ट काकांची कमी आणि काकूंची जास्त आहे. काकू म्हणजे पंपवाल्या काकू. त्यांच्या वडिलांचं कार्बोरेटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गल्ली त्याला पंपाचं दुकान म्हणे. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून ते इंजिनाला पाजणारं यंत्र. त्याच्या पोटात जेट नावाचा एक पितळी स्क्रू असतो आणि त्याच्या मधोमध एक बारीक भोक. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, भोक लहान तर कमी. सगळा खेळ तेवढ्याच भोकाचा. शाळेतून आल्यावर फ्रॉकला हात पुसत काकू ते जेट फुंकून साफ करत. त्यात तार घालायची नाही, हा वडिलांचा दंडक होता, कारण तारेने भोक वाढतं आणि मग जेट खोटं बोलायला लागतो. लग्नानंतरही काकू दुकानातच होत्या आणि वडील गेल्यावर दुकान त्यांनीच चालवलं.

मग नव्या गाड्या आल्या. त्यांच्यात कार्बोरेटर नव्हता, संगणक होता. गिऱ्हाईक आटत गेलं आणि एका वर्षी काकूंनी शटर ओढलं ते कायमचं. दुकानातला एकच कार्बोरेटर आणि जेटचा एक पत्र्याचा डबा त्या घरी घेऊन आल्या. दुपारी जेवणं आटोपली की टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, कार्बोरेटर खोलायचा, पुसायचा, पुन्हा जोडायचा. तो कुठल्या गाडीला लागणार नव्हता. काका समोर बसून हे बघत. आपल्या हाताला जे येतं ते आता जगात कुणालाच नको आहे, हे दुःख कुणाला सांगण्यासारखं नसतं. काकूंनीही ते कधी सांगितलं नाही.

एके दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभा राहिला. त्यातून दोन दारांची एक जुनी मोटार उतरली. तिचा टप चेपलेला होता, काचा नव्हत्या आणि एका मडगार्डमध्ये चिमणीचं घरटं होतं. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"हे काय?"

"गाडी."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"पळवायला," काका म्हणाले. काकू हसून हसून पायरीवर बसल्या.

शहराबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी होती. विमानं केव्हाच उतरायची थांबली होती आणि रविवारी तिथे जुन्या गाड्यांचे शौकीन जमत. शर्यत सोपी होती. पाव मैलाचा सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, दिवा हिरवा झाला की सुटायचं, आणि पलीकडची पांढरी रेघ जो आधी ओलांडेल तो जिंकला. वळण नाही की दुसरी फेरी नाही. नियम एवढाच, की गाडीतली प्रत्येक गोष्ट जुन्या काळची हवी. संगणकाला तिथे मज्जाव होता.

गाडी बांधण्यात काही वर्षं गेली. काकांनी चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कापून पुन्हा जोडली, दारं आतून पोकळ केली, मागे रुंद टायर बसवले आणि आत एकच लोखंडी खुर्ची ठेवली. इंजिन एका जुन्या पिकअपचं मिळालं आणि ते काकूंच्या ताब्यात गेलं. स्वयंपाकघराच्या तराजूत त्यांनी इंजिनात वरखाली करणारे पिस्टन तोलले. जो जड भरला तो आतून कानशीने घासला, सगळे एका वजनाचे होईपर्यंत. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू डाळ मोजतेस त्या तराजूत इंजिन?" काकू म्हणाल्या, "डाळ थोडी इकडे तिकडे झालेली चालते."

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा भिंतीवरचं घड्याळ पडलं आणि शेजारी बाहेर धावले. काकू मात्र डोळे मिटून, मान कलती करून ऐकत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघून काकांना काय वाटलं ते काकांनाच ठाऊक. त्यांनी फक्त पडलेलं घड्याळ उचललं.

आता खरं काम उरलं होतं, पेट्रोलचं माप जुळवायचं. संगणक नसलेल्या गाडीत ते माप कळायचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग. गाडी पूर्ण जोरात पळाली की प्लगच्या टोकाच्या पांढऱ्या चिनी मातीवर रंग चढतो. काळी काजळी धरली तर पेट्रोल जास्त. चहाच्या फिकट डागासारखा रंग आला तर माप बरोबर. आणि अगदी कोरडा पांढरा दिसला तर तिथेच थांबायचं, कारण कमी पेट्रोलवर इंजिन इतकं तापतं की पिस्टन वितळतो. गंमत अशी की गाडी सगळ्यांत जास्त पळते ती वितळायच्या जरासं अलीकडे.

पण प्लगचा रंग खरा यायचा तर चालवणाऱ्याने एक गोष्ट पाळावी लागते. रेघ येईपर्यंत पाय पूर्ण दाबलेला ठेवायचा, आणि रेघ ओलांडताच पाय तसाच ठेवून एका क्षणात क्लच दाबून चावी बंद करायची. मग गाडी मुकाट घरंगळत जाते आणि प्लगवर त्या क्षणाचा रंग तसाच राहतो. आधी पाय उचलला तर काजळी चढते आणि प्लग खोटी साक्ष देतो. काकूंनी हे काकांना इतक्यांदा बजावलं होतं की काका झोपेतही बोलून दाखवतील.

पहिल्या रविवारी काका धावले. काकू सुरुवातीच्या जागी उभ्या राहून ऐकत होत्या. गाडी सुटली ती अशी की लोक दोन पावलं मागे सरले. पण निम्म्यानंतर आवाज दबला. गाड्या परत आणायला पलीकडे थांबलेला जीपवाला दोर लावून गाडी ओढत घेऊन आला. काकूंनी पान्याने प्लग खोलला. तो काळा होता.

"पाय शेवटपर्यंत होता ना?"

"होता की," काका हेल्मेट काढत म्हणाले.

म्हणजे पेट्रोल जास्त होतं. मध्येच आवाज दबला तोही त्यामुळेच, इंजिनाचा घसा भरून येत होता. सगळं कसं जुळत होतं. काकूंनी एक माप लहान जेट लावला.

पुढच्या रविवारी प्लग पुन्हा काळा. आणखी लहान जेट, पुन्हा काळा. शौकिनांत आता चर्चा व्हायला लागली. गॅरेजवाला एक भला माणूस होता, तो येऊन हळूच म्हणाला, "काकू, फ्लोटची कटोरी बघितलीत का? पेट्रोल अडवणारी सुई झिजली असेल." काकूंनी कटोरी बघितली, सुई बदलली, गाळणी बदलली. प्लग काळाच. पलीकडच्या टोकाला थांबणाऱ्या जीपवाल्याला एकदा विचारावं, असं एका रविवारी त्यांच्या मनात आलं होतं. काका पाय कुठे उचलतात, एवढंच विचारायचं होतं. पण नवऱ्याच्या शब्दाची खातरजमा परक्या माणसाकडून करायची, या विचाराचीच त्यांना लाज वाटली. त्यांनी स्वतःवर संशय घेतला. ते त्यांना सोपं गेलं.

शनिवारी टेबलावर पुन्हा वर्तमानपत्र पसरलं होतं. काकूंनी डब्यातला सगळ्यांत लहान जेट शोधून लावला आणि डबा बंद केला.

"याच्या खाली आता काही नाही," त्या म्हणाल्या. "उद्याही काळा आला तर हा डबा त्या गॅरेजवाल्याला देऊन टाकते. त्याचा हात चांगला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? जमत नाही मला आता. हात विसरला असेल, कान विसरला असेल. माझं काहीतरी चुकतंय आणि काय ते मला कळत नाहीये." काकूंचा आवाज शांत होता, आणि तेच काकांना सोसेना. ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले.

"मी काय म्हणतो, तो आधीचा मोठा जेटच लाव की परत."

"का?"

"असंच."

"असंच म्हणून जेट लावतात होय!" काकू थोडं हसल्या. "बसची सीट आहे का ती, इथे नको तर तिथे बसा?"

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

रविवारी आकाश स्वच्छ होतं. काका नेहमीपेक्षा लवकर खुर्चीत जाऊन बसले. पट्टे काकूंनीच आवळले, तेव्हा काकांनी त्यांचा हात क्षणभर धरून ठेवला. "आज बघच तू," ते म्हणाले. काकूंना वाटलं, आपल्याला धीर देताहेत.

दिवा हिरवा झाला. गाडी सुटली, निम्म्यावर पोचली, आणि आवाज दबला नाही. तो चढतच गेला, मोकळा आणि स्वच्छ. काकूंच्या अंगावर काटा आला. 'जमलं,' त्या स्वतःशीच म्हणाल्या, 'जमलं गं बाई.' तेवढं म्हणून होतंय तोच त्या आवाजाच्या आत त्यांना दुसरा आवाज ऐकू आला, डब्यात खडे हलवावेत तसा. दुकानात त्यांनी तो फार वर्षांपूर्वी ऐकला होता, कमी पेट्रोलवर तापून फुटायला आलेल्या इंजिनाचा. त्या ओरडल्या, पण पाव मैलावर कोण ऐकणार! मोठा धडाका झाला. पांढरा धूर उसळला, तेल मागच्या टायरखाली सांडलं आणि गाडी आडवी होऊन धावपट्टीच्या कडेच्या भिंतीकडे घसरत गेली.

काकू कशा धावल्या ते त्यांना नंतर आठवेना. चप्पल कुठेतरी राहिली. गाडी भिंतीच्या अलीकडे गवतात रुतली होती आणि काका बाहेर उभे होते. धड होते. हेल्मेट हातात होतं, आणि ते चक्क हसत होते.

"अगं, आज नाही उचलला पाय!" ते म्हणाले. "रेघेपर्यंत दाबून ठेवला. बघ आता प्लग!"

काकूंनी त्यांना आधी डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. मग पाना घेतला आणि प्लग खोलला. चिनी माती कोरडी पांढरी होती आणि तिच्यावर धातूचे बारीक चकचकीत मणी चिकटले होते. पिस्टन वितळल्याशिवाय ते तिथे येत नाहीत. काकू प्लग हातात घेऊन गवतात बसल्या.

"आज म्हणजे?" त्यांनी विचारलं.

काकांचं हसू ओसरलं. तेही हळूहळू खाली बसले.

"पहिल्यापासून उचलत होतो," ते म्हणाले. "निम्म्यावर गेलं की स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं वाटतं. पाय आपोआप वर यायचा. रेघ ओलांडून मग चावी बंद करायचो. तुला सांगायला तोंड नव्हतं. मग काल तू म्हणालीस, आता जमत नाही, डबा देऊन टाकते. तुझं काही चुकत नव्हतं गं. म्हटलं, एकदा जिवावर उदार होऊन दाबूनच धरावा, म्हणजे तुला कळेल."

"मी प्रत्येक वेळी पेट्रोल कमी करत गेले," काकू म्हणाल्या. "तुमच्या उचललेल्या पायासाठी. आणि आज तेवढ्याशा पेट्रोलवर तुम्ही पाय पूर्ण दाबलात."

काकांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे इंजिन माझ्यामुळे..."

"खड्ड्यात गेलं ते इंजिन!" काकू कडाडल्या. "ती भिंत बघा किती जवळ आहे. आदळला असतात म्हणजे मी काय केलं असतं? माझ्या हाताने लावलेला जेट होता तो!" आणि त्या रडायला लागल्या. दुकान बंद केलं त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला, मग स्वतःच ओढून घेतला.

"वेग आवडतच नव्हता तर बसायचं कशाला त्यात?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"मी बसलो नसतो तर गाडी कशाला लागली असती? आणि गाडी नसती तर तू पुन्हा टेबलाशी तो एकच कार्बोरेटर पुसत बसली असतीस. ते मला बघवत नव्हतं."

लांबून जीपवाला दोर घेऊन निघाला होता. काकूंनी पदराने नाक पुसलं, मग काकांच्या कपाळावरचं तेल पुसलं.

"भीती वाटत होती ना?" त्या म्हणाल्या. "मग वाटू द्यायची. पण मला सांगायचं. तुम्ही निम्म्यावर पाय उचलता, हे धरूनच मी गाडीचं माप जुळवलं असतं. निम्म्यापर्यंत तर तिला कुणी गाठलं नसतं."