काशिनाथदादा थांबा म्हणत होते

मंडळी, आत्ताच दवाखान्यातून घरी आलोय. काशिनाथदादा सुखरूप आहेत, हे आधी सांगतो.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका साइटवर मी सुपरवायझर आहे. सकाळी ग्रॅनाइटच्या लाद्यांचा टेम्पो आला. लाद्या उभ्या रचून दोराने बांधलेल्या होत्या. आमचे जुने हमाल काशिनाथदादा म्हणाले, "सायेब, टेम्पो एका अंगाला कललाय. आधी सपाटीला घेऊ, मग दोर सोडू."

मागे सिमेंटची गाडी हॉर्न वाजवत होती. मी वैतागून म्हणालो, "दादा, पाच मिनिटांचं काम आहे. सोडा दोर."

त्यांनी खाली उभं राहून दोर सोडला आणि सगळ्या लाद्या त्यांच्याच बाजूला कोसळल्या. शेजारी विटा उचलणाऱ्या मंदाताईंनी त्यांचा शर्ट धरून जोरात मागे ओढलं. लाद्यांचा चुरा झाला. एक तुकडा तेवढा उडून दादांच्या पायाला लागला.

मी त्यांना लगेच दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे, चार टाके घातलेत." मला तिथेच रडू फुटलं.

दादांजवळ जाऊन म्हणालो, "चूक माझी होती."

"व्हती तुमचीच," ते म्हणाले. "पन यापुढं मी नाय म्हनलं, तर नाय. चालंल?"

"चालेल, दादा."

तुमच्याकडे माल उतरवताना हमाल 'थांबा' म्हणाला, तर खरंच कुणी थांबतं का?