मयताच्या पायातले बूट

ती घटना आजही आठवली की माणसाच्या चेहऱ्याआधी रबरी बुटांची एक जोडी डोळ्यांसमोर येते.

साठनंतरची वर्षं. मी पालघरला नवा फौजदार होतो. जवळच्या पाम गावापाशी एका ठेकेदाराने सिमेंटचे मोठे नळ ओतण्याचं काम काढलं होतं. यंत्रं बोटीने परदेशातून आलेली, अधूनमधून पाहणीला येणारा गोरा साहेब, आणि सोबत नियमांचं पुस्तक: ओल्यात विजेचं यंत्र धरणाऱ्याच्या पायात रबरी बूट हवेतच. आपल्या मजुरासाठीही असं काही येतंय, याचं मला कौतुक वाटायचं.

एका सकाळी वर्दी आली, शॉक लागून मजूर गेला. डोंगरातल्या पाड्यावरचा, भातकापणी आटोपली की कामाला खाली उतरणारा. मी पंचनामा केला. पंच ठेकेदाराचीच माणसं. दुसरी मी शोधलीही नाहीत. 'दोन्ही पायांत रबरी बूट' असं स्वतःच्या हाताने लिहिलं.

ठेकेदार म्हणाला, "आम्ही बूट दिलेत, साहेब. यानेच दारूच्या नशेत उघड्या वायरला हात घातला."

अकस्मात मृत्यू नोंदवून मी प्रेत दवाखान्यात पाठवलं.

दुपारी त्याची बायको तिथे आली. रडली नाही. म्हणाली, "साहेब, यानं जन्मात पायात काय घातलं नाय. लग्नातपण नाय. आन् दारूला तं शिवत नव्हता. ते बूट काडा."

मी काढायला लावले. पावलांना घोट्यापर्यंत सिमेंट वाळून चिकटलेलं होतं. बुटांचे तळ मात्र कोरे करकरीत. तो ओल्या सिमेंटात अनवाणी उभा होता. बूट मेल्यावर चढवले होते. मला स्वतःची लाज वाटली. एवढी साधी गोष्ट मी पाहिली नव्हती.

ठेकेदाराच्या मुकादमाला ठाण्यात आणलं. घाटावरून पोराबाळांसकट आलेला माणूस. दोन तास एकच पालुपद, 'मला ठाऊक नाही.' मार खाल्लेला माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं बोलेलच असं नाही. म्हणून हात न उगारता मी ते बूट टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "घाल."

त्याने बूट उचलला आणि तसाच परत टेबलावर ठेवला. "साहेब, बूट कपाटात असतात. गोरा साहेब यायचा असला की वाटायचे, गेला की काढून घ्यायचे. मालक म्हणाले, याच्या पायात घाल. मीच घातले."

मी ठेकेदारावर गुन्हा दाखल केला, नवा पंचनामा केला. पण खटला उभा राहीपर्यंत मुकादम फितूर झाला. त्यालाही पोट होतं. ठेकेदाराच्या वकिलाने पहिला पंचनामा माझ्याकडूनच वाचून घेतला.

"सही आपलीच ना?"

"हो."

ठेकेदार सुटला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी आधीच मेला होता. कागदोपत्री तो दारुडा ठरला तो कायमचाच.

कोर्टाबाहेर मजुराच्या बायकोने मला एवढंच विचारलं, "मंग तुमी तसं लिवलं कशाला?"

कोर्टाच्या हुकमाप्रमाणे मुद्देमाल परत करायला मी पामला गेलो. ठेकेदाराने पोच दिली, बूट कपाटात ठेवले, कुलूप लावलं. समोर त्याच यंत्रावर नवा मजूर उभा होता, अनवाणी.

त्यानंतर नोकरीभर प्रत्येक मयताचे पाय मी उघडे करून पाहिले. या प्रकरणाने मला तेवढं शिकवलं. त्या नव्या मजुराचे पाय तर उघडेच होते, मला दिसतही होते. पण जिवंत माणसाचा पंचनामा करता येत नाही.