एटापल्लीकडच्या गिरणीचा शाफ्ट

चंद्रपुराहून ट्रक निघाला तेव्हा माझ्या शेजारी कॉम्प्रेसर होता आणि पायाशी गॅसची नळकांडी. ऐंशीनंतरची ती वर्षं. आमचा धंदा धातू फवारण्याचा: पोलादी तार ज्वालेत वितळवायची आणि हवेच्या झोताने झिजलेल्या भागावर उडवायची. थर बसला की भाग पुन्हा मापाचा होतो.

आलापल्लीतल्या आरागिरणीचं काम उरकलं, तोच लालसू नावाचा गोंड शेतकरी समोर येऊन उभा राहिला. एटापल्लीपलीकडे त्याची धानाची गिरणी होती. तिचा शाफ्ट (यंत्र फिरवणारा दांडा) झिजला होता, आणि धान तर कापून घरी आलेलं. सागवानातल्या वाटेवर ट्रक नाल्यात रुतला. धक्के मारून पोचलो तेव्हा भुकेने जीव कासावीस झाला होता. लालसूच्या बायकोने, मैनाबाईने, आंबील दिली. इतकी गार, आंबट आंबील मी पूर्वी प्यायलो नव्हतो.

आमचं खाणं होईतो तिने शाफ्टला तेल-हळद लावली. पेनाला (देवाला) सांगितल्याशिवाय त्यांच्याकडे नवं काम सुरू होत नाही. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. तेलाचं बोट लागलं तरी थर धरत नाही! पेट्रोलने पुसून, वाळूचा मारा करून शाफ्ट खरखरीत केला आणि ज्वालेने किंचित तापवला.

बेअरिंगच्या जागी केसाएवढी ओली रेघ उमटली. पुसली, पुन्हा उमटली. तेल आतून पाझरत होतं. शाफ्टला तडा होता.

"माह्या तेलानं फुटला का, भाऊ?" मैनाबाईचा चेहरा उतरला.

"नाही बाई. तडा आधीचाच. तुमच्या तेलाने दिसला."

"मंग फवारा मारून बुजवून टाका ना," लालसू म्हणाला. "धान पडून हाय."

"थराने जाडी येते, ताकद येत नाही. चालू गिरणीत तुटला तर शेजारी बसणाऱ्याचं काही खरं नाही."

शेजारी रोज तोच बसायचा. नवा शाफ्ट यायला हंगाम उलटला असता. मी सामान पेटीत भरलं. फार वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन मी त्यांची गिरणी बंद करून चाललो होतो.

सकाळी अंगणात मैनाबाई शेजारणींसोबत उखळात धान कांडत होती. मी नजर चुकवून ट्रककडे वळलो, तर तीच बोलली, "हात दुखतीन आमचे. पन मानूस तं घरी राहीन."

चंद्रपुरात आमच्या मालकाने विचारलं, "त्या धानाच्या गिरणीचं काम झालं?"

"झालं," मी म्हणालो. खोटं बोललो असं मला आजही वाटत नाही.