डबा मागून यायचा

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कुणी कायम कामगार आला नाही, तर त्याच्या जागी आत जायचं. ते डबा सोबत कधी नेत नसत. भोंगा होऊन गेला तरी ते परतले नाहीत, की काम मिळालं असं समजून आई मागाहून डबा पाठवायची. बदलीवाल्यांना कायम करा, ही ब्याऐंशीच्या गिरणी संपातली एक मागणी होती. संप झाला, गिरणी गेली आणि तो डबा फळीवरच राहिला.

आता परळला त्याच जागेवर टॉवर आहे. तिथल्या एका कंपनीत माणसं नेमायचं काम मी करतो. कायदा बदलला आणि ठरावीक मुदतीपुरती माणसं ठेवायची मुभा मालकांना मिळाली. मुदत संपली की माणूस घरी. ते करार मीच तयार करतो.

शेजारच्या चाळीतला एक इलेक्ट्रिशियन अशाच करारावर होता. शेवटच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला.

"दादा, उद्या डबा आणू, की बायकोला झोपू देऊ?"

"झोपू दे तिला," मी म्हणालो.

तो हसला. मी हसत नाही हे पाहून थांबला.

"तसा कायदाच आहे रे आता," मी म्हणालो. तो ओळखपत्र टेबलावर ठेवून गेला.

रात्री जेवताना मी वडिलांना हे सांगितलं.

"आम्ही निदान दुसऱ्या दिवशी परत गेटवर उभे राहू शकत होतो," ते म्हणाले.