विमलताई आणि डावीकडचं दार

विमलताई कागद बोटाने वाचायच्या. उजव्या हाताची तर्जनी ओळीखाली ठेवायच्या आणि शब्दाशब्दाने पुढे सरकवत न्यायच्या. ओळ संपली की बोट खाली उतरायचं आणि पुन्हा डावीकडून सुरुवात व्हायची. अर्ज दोन ओळींचा असो की वीस पानांचा, त्यात कधी फरक पडला नाही. समोरचा माणूस घाईत असला, तर त्यांचं बोट थोडं आणखी हळू चालायचं, असं मला कायम वाटत आलं.

नवा रायपूरला आमच्या कार्यालयाच्या अभिलेख शाखेत मी रुजू झाले, तेव्हा त्यांची पंचवीस वर्षं नोकरी झाली होती. पहिल्याच दिवशी मी उशिरा पोचले. शहरातून तिकडे जाणारी बस केव्हा येईल आणि येईल की नाही, याचा भरवसा नसायचा. विमलताईंनी माझा रुजू होण्याचा कागद बोटाने वाचून संपवला आणि विचारलं, "राहते कुठं तू?"

"ब्राह्मणपाऱ्यात."

"मी बूढापाऱ्यात राहते. मग बसनं काहून येऊन राहिली? उद्यापासून कोपऱ्यावर उभी राहात जा. नऊ वाजता. नऊ म्हणजे नऊ."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून जाऊ लागले. गाडी त्या स्वतः चालवायच्या, चष्मा नाकावर घट्ट बसवून, दोन्ही हात चक्रावर ठेवून. नवा रायपूरच्या रुंद रस्त्यावर सगळे आम्हाला मागे टाकून जायचे. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

शाखेत त्यांचा दरारा होता. कोणी काही सांगायला आलं की त्या म्हणायच्या, "तोंडी नको सांगू. कागद काय म्हणते ते सांग." एकदा एका शिक्षकाच्या विधवेचं निवृत्तिवेतन अडलं होतं, कारण दोन ठिकाणी तिच्या नावातलं एक अक्षर वेगळं होतं. वरच्या साहेबांनी प्रकरण परत पाठवा म्हणून सांगितलं. विमलताई दोन दिवस तळघरातल्या जुन्या नोंदवह्या उलगडत बसल्या आणि अक्षर नेमकं कुठल्या बाबूच्या हातून बदललं ते शोधून काढलं. ती बाई पेढे घेऊन आली, तेव्हा त्यांनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "मी काही नाही केलं. कागदातच होतं."

त्यांच्यात एक उणीव होती, तीही सांगायला हवी. आपण चुकलो हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. एक तर त्या क्वचितच चुकायच्या. चुकल्याच, तर खोडरबर काढून गुपचूप दुरुस्त करायच्या आणि खोडरबर परत डबीत ठेवून द्यायच्या. विषय तिथेच संपायचा.

त्यांचे यजमान मधुकरराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळत होऊ लागलं. आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामोपचारासाठी न्यावं लागायचं. रिक्षात चढताना ते एकदा पडले होते, त्यानंतर रिक्षा म्हटलं की मान हलवायचे. गाडीची पुढची डावी सीट मात्र त्यांना जमत होती. पाठमोरं होऊन बसायचं, मग डाव्या हाताने उजवा पाय उचलून आत घ्यायचा आणि त्याच हाताने दार ओढायचं. एवढं ते स्वतःचं स्वतः करायचे, आणि विमलताई मुद्दाम दुसरीकडे बघत उभ्या राहायच्या.

एका सकाळी गल्लीत उभ्या असलेल्या गाडीला मागे सरकणाऱ्या टेम्पोने ठोकलं. नेमकं तेच दार गेलं. पत्रा आत दबला आणि बिजागरीची जागा फाटली. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, ये बनेगा नहीं. और नया मिलेगा नहीं, मॉडल बंद हो गया. कबाड़ी में देख लो."

दोन आठवडे मधुकरराव घरीच राहिले. एके दिवशी मी भेटायला गेले, तर त्यांच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा मिटायला लागली होती. विमलताई ती एकेक करून उघडत होत्या. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "शनिवारी सुट्टी हाय ना तुले? चाल मग माह्यासोबत."

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं ते दुकान भागीरथी भैयांचं होतं. पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा माणूस. मागच्या आवारात दारं ओळीने उभी करून ठेवलेली, त्यापलीकडे दिवे, आरसे, सीटा. विमलताईंनी पर्समधून चिठ्ठी काढली. गाडीचं मॉडेल, तारीख, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं.

भागीरथी भैयांनी चिठ्ठी दुरूनच पाहिली. "दीदी, ये तारीख तो पासिंग की होगी. गाड़ी बनी कब है? इसमें लॉक दो तरह का आता है."

"भैया, सत्ताईस साल से कागज ही देख रही हूँ," विमलताई म्हणाल्या. "जो लिखा है, वही है."

मी बाजूलाच होते. तो माणूस काहीतरी महत्त्वाचं विचारतो आहे हे मला कळलं होतं. पण विमलताईंना मध्येच अडवायची माझी हिंमत झाली नाही. भैयांनी खांदे उडवले आणि त्या तारखेप्रमाणे एक पांढरं दार काढून दिलं. रंगही जुळला म्हणून आम्ही दोघी खूश झालो.

संध्याकाळी मिस्त्रीने दार बसवलं. बिजागऱ्या बरोबर बसल्या. मग त्याने दार लोटलं, तर ते चौकटीवर आपटून परत आलं. पुन्हा लोटलं, पुन्हा तेच. ओसरीवर खुर्चीत मधुकरराव बाहेर जायचे कपडे घालून बसले होते. मिस्त्री खाली वाकून बघत म्हणाला, "ये बाद वाले मॉडल का है, मॅडम. लॉक पकड़ेगा ही नहीं." विमलताईंनी एकदा यजमानांकडे पाहिलं. मधुकररावांनी डाव्या हाताने सदऱ्याची वरची गुंडी सोडली आणि आत घेऊन चला अशी खूण केली.

रविवारी सकाळी दार घेऊन आम्ही पुन्हा दुकानात गेलो. चार-पाच गिऱ्हाइकं होती. विमलताई पायरीवरूनच बोलायला लागल्या. "औरत देखकर कुछ भी थमा देते हो आप लोग. घर में बीमार आदमी बैठा है, उसका भी खयाल नहीं." त्या आणखी बरंच बोलल्या. त्यांचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. भागीरथी भैया पुढे झाले. दार उतरवून घेतलं, भिंतीला टेकवलं आणि एवढंच म्हणाले, "दीदी, कागज एक बार फिर देख लीजिए." एक गिऱ्हाईक हातातला दिवा खाली ठेवून शेजारच्या दुकानात निघून गेलं. भैयांनी त्याच्या पाठीकडे पाहिलं, आणि मी जमिनीकडे.

संध्याकाळी विमलताईंचा फोन आला. आवाज अगदी हळू होता. "पोरी, मीच चुकली."

गाडीच्या कागदावर दोन तारखा होत्या. एक नोंदणीची आणि खाली बारीक अक्षरात गाडी तयार झाल्याचा महिना. गाडी बनली आदल्या वर्षाच्या अखेरीला, नोंदली गेली पुढच्या वर्षी, आणि मधल्या काळात कंपनीने लॉक बदललं होतं. विमलताईंनी वरची तारीख उतरवून घेतली होती. ज्या बोटाने सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, ते बोट घरच्या कागदावर एक ओळ आधीच थांबलं होतं.

मी म्हटलं, "ताई, मिस्त्रीला पाठवू. तो दुसऱ्या दुकानातून आणून देईल. तुम्ही काहून जाता परत?"

"चार लोकांपुढं बोलली ना मी त्याले," त्या म्हणाल्या. "आता चार लोकांपुढंच जा लागन."

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही गेलो. दुकानात भैया एकटेच होते, कसलासा पत्रा पुसत. मला वाटलं बरं झालं, दोन शब्द बोलून मोकळं होता येईल. पण विमलताई पायरी चढल्याच नाहीत. समोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसून राहिल्या. "कोणी येऊ दे," म्हणाल्या. चहा घेतला, तो निवला. अर्धा-पाऊण तास गेला असेल. भैयांनी दोनदा आमच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. कालचा प्रकार पुन्हा होणार असंच त्यांना वाटलं असावं. शेवटी एक माणूस आला, मग आणखी दोघे. त्यांतला एक काल तिथेच होता. विमलताई उठल्या, पदर सारखा केला आणि रस्ता ओलांडला.

"भैया," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कल मैंने आपको जो कहा, गलत कहा. गलती मेरे पढ़ने में थी. आपने पूछा था, मैंने सुना नहीं. माफ कीजिए."

भागीरथी भैया गोंधळून गेले. हातातलं फडकं त्यांनी एकदा या खांद्यावर टाकलं, एकदा त्या. मग म्हणाले, "हव दीदी, हो जाथे. बइठव ना." होतं असं, बसा, असं त्यांच्या छत्तीसगढीतून सांगत त्यांनी स्वतःचं स्टूल पुढे केलं.

शनिवारी मी गप्प राहिल्याचं मलाही सांगायचं होतं. ते मी परतीच्या वाटेवर विमलताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय मले. तुह्या तोंडावर दिसून राहिलं होतं." आणि दाराच्या जागी ताडपत्री बांधलेल्या गाडीचा गिअर बदलला.

पण त्याआधी दुकानात आणखी थोडं घडलं. भैयांनी विमलताईंना मागे नेलं आणि दोन दारं पुढे ओढली. "मैं ज्यादा पढ़ा नहीं हूँ दीदी. हाथ से पहचानता हूँ." त्यांनी लॉकच्या खाचेत बोट घालून दाखवलं आणि मग विमलताईंना तसंच करायला सांगितलं. एक खाच गोल होती, दुसरी चपटी. विमलताईंनी तर्जनी आधी एका खाचेत फिरवली, मग दुसरीत, मग पुन्हा पहिलीत. शाळेतल्या लहान मुलीसारखा त्यांचा चेहरा झाला होता. "हे तर सोपं हाय," त्या मला मराठीत म्हणाल्या, आणि भैयाही हसले.

आम्हाला हवं तसं दार त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी तीन-चार ठिकाणी फोन केले आणि म्हणाले, मिळालं की कळवतो. गुरुवारी संध्याकाळी कळवलं नाही, स्वतःच मालवाहू रिक्षातून दार घेऊन बूढापाऱ्यात हजर झाले. दार निळं होतं, चांगलं ठसठशीत निळं. "रंग नहीं मिला दीदी, लॉक मिला है," ते म्हणाले. मिस्त्रीला बोलावलं. भैया स्वतः खाली बसून दाराला टेकू देत राहिले.

दार बसलं. लोटल्यावर खट्ट आवाज झाला आणि ते मिटलं. मधुकरराव ओसरीवरून सगळं बघत होते. त्यांनी काठी मागितली. हळूहळू आले, पाठमोरे झाले, बसले. डाव्या हाताने पाय उचलून आत घेतला. विमलताई सवयीने गल्लीच्या टोकाच्या बूढा तलावाकडे बघत उभ्या होत्या. मधुकररावांनी दार ओढलं. मग उघडलं आणि पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा विमलताईंनी वळून पाहिलंच.

मिस्त्री म्हणाला, "साहब, उतर जाइए. चार दिन में पेंट करके देता हूँ."

मधुकररावांनी मान हलवली. शब्द जुळवायला त्यांना थोडा वेळ लागला. "नाही... उतरत. चला."

"अहो, कुठं?"

"कुठंही."

विमलताई चपला घालून चक्रामागे बसल्या. मागे मी आणि, नको नको म्हणत असताना, भागीरथी भैया. बूढा तलावाला आम्ही दोन चकरा मारल्या. संध्याकाळी फिरायला आलेले लोक वळून बघत होते. पांढऱ्या गाडीला निळं दार, आणि त्यामागे एक म्हातारा गृहस्थ काच खाली करून, कोपर बाहेर काढून बसलेला. पुढच्या मंगळवारी मधुकरराव व्यायामाला गेले. बोटं सरळ व्हायला दोन महिने लागले, पण झाली. रंग द्यायचं पुढे कोणालाच आठवलं नाही. कार्यालयात लोकांनी थोडे दिवस चेष्टा केली. विमलताई म्हणायच्या, "दार लागते ना? मग."

त्यानंतर शाखेत एक बदल झाला. त्यांच्या हातून काही चुकलं की त्या डोकं वर करून म्हणायच्या, "हे मी चुकवलं हाय, लिहून घ्या." पहिल्यांदा आम्ही सगळे दचकलो. मग आम्हीही तसं म्हणायला शिकलो. पोळ्याच्या सणाला भागीरथी भैयांच्या घरून ठेठरी-खुरमीच्या फराळाचा डबा यायचा आणि विमलताई तो रिकामा परत पाठवायच्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर ते दोघं लेकीजवळ नागपूरला राहायला गेले. निघायच्या दिवशी त्यांनी मला आपली जागा दाखवली, कपाटांच्या किल्ल्या दिल्या, आणि रडूबिडू नको म्हणून दटावलं. मी रडले नाही.

मागच्या महिन्यात एक महत्त्वाची फाईल सापडेना. आमच्या शाखेतले वयस्क शिपाई रामाधारजी ती घेऊन गेले होते एवढं मला आठवत होतं. मी सगळ्यांसमोर त्यांना बोलले, आणि ते दिवसभर तळघरात शोधत राहिले. दुसऱ्या दिवशी फाईल माझ्याच कपाटात, माझ्याच डब्याच्या पिशवीखाली निघाली. कपाटाचं दार लावून मी पाच मिनिटं खुर्चीत बसून राहिले. जेवणाच्या सुट्टीत सगळे जमल्यावर मी उभी राहिले आणि जे सांगायचं ते सांगितलं. रामाधारजींनी बाजूला सरकून बाकावर माझ्यासाठी जागा केली.

मग बाहेर येऊन मी विमलताईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"जेवली का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग जेव आता. त्याच्या बाजूलेच बस."

मी परत आत गेले.