गवताचे भारे बांधलेली आगबोट

छातीत कळ आली तेव्हा मी आखातातल्या जहरा गावी एका दुकानात तांदळाची पोती लावत होतो. इस्पितळात सांगितलं, मनगटातून बारीक तार घालून हृदयापर्यंत जायचं, नळी तुंबली असेल तर तिथंच उघडायची. "सुबह कुछ खाके मत आना," एवढं बजावलं. मी खाल्लं काही नाही. दुधाचा चहा तेवढा घेतला. आमच्याकडे कडक उपासालाही चहा चालतो.

तिथल्या मराठी टेक्निशियननं कपाळावर हात मारला. "काका, पोट रिकामं म्हणजे रिकामं. आता दुपारपर्यंत थांबा."

थांबायला लागलं आणि माझा धीर सुटला. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी. घरी बायकोला कळवलंही नव्हतं. पुन्हा कधीतरी येतो म्हणत चपला घातल्या.

"बसा हो. रत्नागिरीचे ना तुम्ही? तुमच्याकडचे खलाशी याच आखातातून लढाईवर गेलेत."

मग त्यानं सांगितलं. दीडशेच्या वर वर्षं झाली. मुंबईहून इंग्रजांचं आरमार आलं नि शत्त-अल-अरब नदीत शिरलं. वर इराणचं मोहम्मरा शहर घ्यायचं होतं. दोन्ही काठांवर मातीचे बुरूज, त्यांवर तोफा. बंदुकीच्या गोळ्या अडाव्यात म्हणून आगबोटींच्या कठड्यांना भारे बांधले होते.

"कसले?"

"गवताचे. गोळ्या त्यात रुतून बसायच्या. आणि उखळी तोफा एका तराफ्यावर चढवून रात्रीच नदीत नेऊन ठेवल्या. माणसं उजाडेपर्यंत त्यावर गप्प बसून."

"घाबरली नसतील?"

"घाबरली असणार. पण तराफ्यावरून पळतात कुठं?"

मला हसू आलं. त्या न पाहिलेल्या माणसांचं फार कौतुक वाटलं. राज्य त्यांचं नव्हतं, शहर त्यांना मिळणार नव्हतं, तरी जागा सोडली नाही. मी चपला काढल्या आणि बायकोला फोन लावला. ती रडली, पण 'करून घ्या' म्हणाली.

दुपारी टेबलावर घेतलं.

"काका, तार घेऊन निघालो मनगटातून वर."

"शहर पडलं का शेवटी?"

"पडलं. तोफांचा मारा झाल्यावर इराणची फौज तळ टाकून पळाली. हात हलवू नका."

बऱ्याच वेळानं डॉक्टर इंग्रजीत काहीतरी बोलले. तो माझ्या कानाशी वाकला.

"उघडली."

हात मी तसाच ठेवला, तो सांगेपर्यंत.